‘विसरण’ म्हणजे विसरणं नव्हे

विचारणा (अचलपूरहून)

मुलगी अकरावीला आहे. पुस्तकात ‘विसरण’ वाचून म्हणाली, बाबा, पाणी काय विसरतं? मला सांगता आलं नाही. त्यातच एका लेखात वाचलं, की विसरणामुळे पाण्याचे स्थिर थर अस्थिर होऊ शकतात. पसरण्यानं तर सगळं शांत व्हायला हवं ना?

उत्तर (दर्यापूरहून)

दादा, ‘विसरणे’ आलं विस्मरणातून. ‘विसरण’ आलं ‘सृ’ या संस्कृत धातूतून, सरकणं, वाहणं. वि + सृ म्हणजे चहूकडे पसरत जाणं. अभिसरण आणि प्रसरण ही त्याचीच भावंडं. तापल्यानं पाणी फुगतं आणि हलकं होतं ते प्रसरण. आधणात बुडाचं पाणी वर आणि वरचं खाली फिरतं ते अभिसरण. कोणी ढवळत नसतानाही मीठ किंवा उष्णता जिथे जास्त तिथून कमीकडे जाते, ते विसरण. (उष्णतेच्या बाबतीत शाळेत त्यालाच ‘वहन’ शिकवतात.)

आता तुमची शंका. ती रास्त आहे, कारण बहुतेक वेळा विसरण आवरच घालतं. आधणाचंच बघा, उष्णता आपसूक लवकर पसरली तर अभिसरण सुरूच होत नाही. आमची विहीर खारपाणपट्ट्यातली. पावसाळा सरला की वर गोडं पाणी, तळाशी मचूळ. दोरीनं अलगद शेंदलं तर घागर पिण्याजोगी निघते, पंप लावला की दोन्ही एक होतात. तिथे फरक एका मिठाचाच, म्हणून विसरण नुसती सीमा पुसट करतं. थर काही उलथत नाहीत.

घोळ होतो तो दोन गोष्टी एकाच वेळी पसरत असताना, आणि एक भरभर, दुसरी रेंगाळत. पाण्यात उष्णता मिठापेक्षा सुमारे 100 पट वेगानं पसरते. समजा वर कोमट खारं, खाली थंड गोडं. वरचं गरम असल्यानं हलकं, म्हणजे रचना स्थिर. पण वरचा इवलासा भाग खाली सरकला, की आजूबाजूच्या थंडाव्यात त्याची ऊब झटकन जाते आणि मीठ मात्र त्याच्यातच राहतं. थंड आणि खारं झालं, म्हणजे शेजारच्यापेक्षा जड. मग ते खालीच जात राहतं. शेजारचं गोडं पाणी ऊब घेऊन वर चढतं. या बारीक धारांना ‘मिठाची बोटं’ म्हणावं, असं मला वाटतं. समुद्रात ती काही सेंटिमीटर जाड असतात. समुद्रशास्त्रज्ञ मेल्विन स्टर्न यांनी 1960 मध्ये त्यांचं गणित मांडलं. भूमध्य समुद्रातून अटलांटिकमध्ये उतरणाऱ्या उबदार खाऱ्या पाण्याखाली ती सापडतात.

मुलीला करून दाखवा. काचेच्या ग्लासात माठाचं पाणी अर्ध्यापर्यंत. दुसऱ्या ग्लासात चांगलं गरम पाणी, चिमूटभर मीठ, निळीचा थेंब. माठाच्या पाण्यावर पळसाच्या पानाचा तुकडा तरंगत ठेवून त्यावर हे चमच्यानं सोडा. थोड्या वेळानं सीमेवरून निळ्या धारा खाली लोंबू लागतील. मिठाचा हात आवरता ठेवा. जास्त पडलं तर वरचं पाणी आधीच जड होऊन सरळ बुडेल.

(अकोटहून)

भाऊ, आमच्याकडं याले ‘मुरनं’ म्हन्तात. लोनच्यात मीठ मुरते, कोनी ढकलत नाही, अन् वेळ लागते. पुस्तकात हाच शब्द काहून नाही? ‘निवयलं’ बी चालते का?

उत्तर (दर्यापूरहून)

‘मुरनं’ मला मनापासून आवडला. कैरीच्या फोडीत मीठ शिरतं ते विसरणच, आणि सावकाशपणाही त्या शब्दात आहे. मी वर्गात विसरण शिकवताना लोणच्यापासूनच सुरुवात करीन. पण पावसाचं पाणी वावरात ‘मुरतं’ तेव्हा त्याला त्याचं वजन खाली ओढतं, आणि इथे नेमकं वजन आणि विसरण वेगळं ठेवायचं आहे. म्हणून पुस्तकात विसरणच राहू द्या.

‘निवळणं’ मात्र नाही. रांजणात तुरटी फिरवल्यावर गाळ तळाशी बसतो, ते जडपणामुळे. विरघळलेलं मीठ तसं खाली बसत नाही. आमचं मचूळ पाणी रात्रभर रांजणात ठेवलं तर गाळ सगळा खाली जातो, पाणी आरशासारखं दिसतं, आणि सकाळी चव तीच.