मोटरहोम: बॅटरी भरलेली दिसते, तरीही लोड पडताच व्होल्टेज कोसळते

वळणवाट:
नमस्कार. आमच्या मोटरहोमच्या राहत्या भागासाठी १०० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम (बंद प्रकारच्या शिसे-आम्ल) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. छतावर २०० वॅटचे सोलर पॅनेल असून त्याच्या कंट्रोलरच्या दोन्ही वायरी सरळ बॅटरीच्या टर्मिनलवर येतात, तर गाडी धावत असताना अल्टरनेटरचे (इंजिनावर चालणाऱ्या जनित्राचे) चार्जिंग एका रिलेमधून (आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमधून) मिळते. इन्व्हर्टर १००० वॅटचा आहे. मुक्कामाच्या वेळी फ्रिज गॅसवर चालतो, त्यामुळे विजेचा खर्च तसा बेताचाच आहे.

अडचण अशी की संध्याकाळी कंट्रोल पॅनेलवर १२.७ व्होल्ट दिसतात, परंतु दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप एकाच वेळी चालू झाले की आकडा ११.६ पर्यंत घसरतो, दिवे मंद होतात आणि पंपाचा आवाजही बदलतो. पंप बंद केला की आकडा पुन्हा वर येतो. दिवसभर गाडी चालवल्यानंतरही बॅटऱ्या पूर्ण भरल्याचे जाणवत नाही, आणि गाडी दोन-तीन आठवडे शेडमध्ये उभी राहिली की त्या पार बसलेल्या असतात. बॅटरी विक्रेत्याने तपासणी न करताच दोन्ही बदलण्याचा सल्ला दिला आहे. तो मानण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे साध्या मल्टिमीटरने ठरवता येईल का?

जुना_वायरमन:
ठरवता येईल. आपल्या वर्णनात तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत: लोड पडताच व्होल्टेज कोसळणे, चालत्या गाडीत चार्जिंग अपुरे होणे आणि उभ्या गाडीत बॅटरी उतरणे. तिन्हींचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नये. मात्र पहिल्या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी सापडते, म्हणून सुरुवात तिथून करावी.

कंट्रोल पॅनेलवर दिसतो तो बॅटरीचा आकडा नव्हे. बॅटरीपासून पॅनेलपर्यंतच्या वाटेत जे खर्ची पडते ते वजा जाऊन उरलेला तो आकडा असतो. वाटेतील प्रत्येक लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी), फ्यूज होल्डर आणि नट-बोल्ट यांना थोडा रोध असतोच, आणि त्यावर गंज चढला किंवा तो सैल झाला की हा रोध वाढतो. करंट जवळजवळ नसताना त्याचा पत्ता लागत नाही, म्हणूनच आपल्याला १२.७ हा समाधानकारक आकडा दिसतो. परंतु ०.०५ ओहम इतक्या क्षुल्लक रोधातून २० अँपिअर वाहू लागले की पूर्ण १ व्होल्ट तिथेच जातो आणि त्या एका जागी २० वॅट उष्णता निर्माण होते. सांधा बंद असताना मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर मोजून इतका बारीक रोध विश्वासाने पकडता येत नाही. तो लोड चालू ठेवून व्होल्टमध्येच मोजावा लागतो.

त्यासाठी दिवे, पंखे आणि पंप चालू ठेवावेत आणि नळ उघडा ठेवावा, म्हणजे पंप मध्येच थांबणार नाही. प्रथम मीटरच्या दोन्ही सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवून आकडा घ्यावा. सुई लगवर टेकवली तर खुंट आणि लग यांच्यामधला दोष मोजणीतून निसटतो, आणि नेमके तिथेच बऱ्याचदा पाणी मुरत असते. बॅटरीवर १२.३ आणि पॅनेलवर ११.६ असे निघाले, तर उरलेले ०.७ व्होल्ट वाटेत हरवत आहेत. मग एक सुई धन खुंटावर आणि दुसरी मुख्य फ्यूजच्या पलीकडच्या टोकावर ठेवावी. त्यानंतर एक ऋण खुंटावर आणि दुसरी चेसिसच्या रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर ठेवावी. निरोगी वायरिंगमध्ये, आपल्या लोडला, यातील प्रत्येक आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यावा. धन बाजूकडे सगळे लक्ष देतात, ऋण बाजू मात्र गाडीखाली चिखल-पाण्यात असते आणि तिकडे कोणी फिरकत नाही.

हीच मोजणी इंजिन चालू ठेवूनही करावी. इंजिनाच्या बॅटरीवर १४.३ आणि राहत्या भागाच्या बॅटरीवर १३.२ अशी तफावत दिसली, तर एजीएमला भरण्यासाठी लागणारे साधारण १४.४ ते १४.७ व्होल्ट तिच्यापर्यंत कधी पोहोचतच नाहीत, मग गाडी कितीही चालवा.

काम करताना अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, आणि वायर सोडवताना ऋण बाजू आधी सोडवावी. धन टर्मिनल सोडवताना पाना चेसिसला टेकला, तर ठिणगीवर भागत नाही. पाना वितळून चिकटूही शकतो.

सौरपत्रा:
वरील पद्धत योग्यच आहे. मी फक्त संध्याकाळच्या १२.७ या आकड्याबद्दल लिहितो, कारण त्यावर मुळीच विसंबू नये. दिवसभर सोलरचे चार्जिंग मिळालेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा भार साचलेला असतो, आणि तो ओसरेपर्यंत मीटर खोटे सुख दाखवतो. खरी स्थिती पाहायची असेल, तर बॅटरीला काही तास ना चार्जिंग ना लोड असे ठेवून, शक्यतो सूर्य उगवण्याआधी मोजावे. अशा विसावलेल्या अवस्थेत १२.७ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी, असा ढोबळ हिशेब आहे. पॅनेलवरची टक्केवारी बहुधा याच व्होल्टेजवरून काढलेली असते, त्यामुळे तीही तितकीच फसवी असते. ऋण वायरीवर शंट (करंट मोजण्यासाठीचा अत्यल्प रोधाचा तुकडा) बसवून अँपिअर-अवर मोजणारा मॉनिटर याहून पुष्कळ भरवशाचा असतो, मात्र सगळ्या ऋण वायरी त्या शंटमधूनच गेल्या पाहिजेत.

उभ्या गाडीतील गळतीसाठी सर्व स्विच बंद करून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावावा आणि बॅटरीच्या ऋण वायरीत मालिकेत, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जाईल असा, जोडावा. ही जोडणी असताना पंप किंवा इन्व्हर्टरवरील लोड चालू करू नये, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. आकडा स्थिर झाला की फ्यूज एकेक काढत जावे. सगळे फ्यूज काढूनही करंट राहिला, तर तो फ्यूज बॉक्सला वळसा घालून सरळ बॅटरीवर जोडलेल्या उपकरणांचा असतो: इन्व्हर्टर, गॅस डिटेक्टर, विजेवर चालणारी पायरी, ट्रॅकर. त्यांपैकी गॅस डिटेक्टर कायम चालू राहावा म्हणूनच तसा जोडलेला असतो, त्याला हात लावू नये.

एक प्रश्न: गाडी अलीकडची आहे का? युरो ६ मानकाच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनाची बॅटरी भरली की अल्टरनेटर आपले व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, आणि साधा रिले अशा वेळी निरुपयोगी ठरतो. तिथे अल्टरनेटरचे व्होल्टेज बॅटरीला हवे तितके करून देणाऱ्या डीसी-डीसी चार्जरला पर्याय नाही.

वळणवाट:
दोघांचेही आभार. गाडी जुन्या पद्धतीची आहे. इंजिन चालू असताना इंजिनाच्या बॅटरीवर सतत १४.३ व्होल्ट मिळतात, त्यामुळे तो प्रश्न नसावा.

पॅनेलवरील अँमीटरनुसार १२ अँपिअरचा लोड असताना धन खुंटापासून फ्यूजच्या पलीकडे ०.१२ व्होल्ट पडले, पण ऋण खुंटापासून चेसिसपर्यंत तब्बल ०.५५ व्होल्ट पडले. गाडीखाली शिरून पाहिले, तेव्हा बॅटरीच्या पेटीमागे चेसिसला कसलेल्या बोल्टखाली एकावर एक चार लग सापडले. सर्वांत खालच्या लगखाली कारखान्याचा रंग तसाच होता, वरच्या वॉशरवर हिरवट पांढरी भुकटी धरली होती आणि जाड काळ्या वायरीचे आवरण लगपासून बोटभर अंतरापर्यंत कडक व तपकिरी झाले होते. रंग खरवडून, लग नवा क्रिंप करून (वायरीवर दाबून बसवून) आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट कसल्यावर तिथे आता ०.०४ व्होल्ट येतात. दिवे मंद होत नाहीत, आणि चालत्या इंजिनावर राहत्या भागाच्या बॅटरीला १४.१ व्होल्ट मिळतात.

गळती ०.९ अँपिअर निघाली. त्यातील ०.८ इन्व्हर्टरची आहे, कारण पॅनेलवरचे बटण त्याला पूर्ण बंद न करता स्टँडबायवर नेते.

एक शंका उरते. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून, एकमेकींपासून सोडवून रात्रभर ठेवल्यावर सकाळी एक १२.८ वर आणि दुसरी १२.३ वर आहे. सगळ्या मुख्य वायरी ज्या बॅटरीवर येतात, ती १२.३ वाली आहे. गाडीचे दुखणे सापडले, पण बॅटरी गेली, असे समजावे का?

जुना_वायरमन:
आपल्या मोजणीतून पहिल्या दोन तक्रारींचा उलगडा झाला. त्या सांध्याचा रोध साधारण ०.०४६ ओहम होता. चार्जिंगचे २० अँपिअर त्यातून परत येताना ०.९ व्होल्टहून अधिक खर्ची पडत होते आणि जवळपास १८ वॅट उष्णता त्या वायरीच्या आवरणाला भाजत होती. वीज बाहेर जातानाही कर भरत होती आणि आत येतानाही. सोलरच्या वायरी सरळ बॅटरीवर असल्यामुळे त्यांना या नाक्यावरून जावे लागत नव्हते, म्हणून उन्हाळ्यात दुखणे झाकले गेले असावे. दुरुस्त केलेल्या सांध्यावर ग्रीस किंवा गंजरोधक लेप लावावा, पण तो बोल्ट कसल्यानंतर, बाहेरून.

गळतीचा हिशेब सरळ आहे: ०.९ अँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे २२ अँपिअर-अवर, म्हणजे शेडमध्ये सोलरविना उभ्या गाडीच्या २०० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या नवव्या-दहाव्या दिवशी रिकाम्या. इन्व्हर्टरच्या धन वायरीवर त्याच्या कमाल करंटला पुरेल असा जाड आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बसवावा. १००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडला ९० अँपिअरहून अधिक ओढतो, त्यामुळे दिव्यांसाठीचा किरकोळ स्विच तिथे चालणार नाही.

बॅटरीबद्दल: १२.३ वर आलेली बॅटरी संशयास्पद आहे, यात वाद नाही. दोन्ही मुख्य वायरी एकाच बॅटरीवर घेतल्या की तिच्याकडून नेहमी जास्त काम करून घेतले जाते. धन एकीवरून आणि ऋण दुसरीवरून अशी तिरकी जोडणी असती, तर दोघींवर सारखा भार पडला असता. त्यातच वारंवार रिकामी होऊन तशीच पडून राहिल्याने प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि क्षमता कायमची घटते. तरी निकाल देण्यापूर्वी तिला एकटीला चांगल्या चार्जरवर, एजीएमच्या सेटिंगवर, पूर्ण भरावे आणि मग ५ अँपिअरचा स्थिर लोड १० तास द्यावा. छापील क्षमता सहसा २० तासांच्या दराने सांगतात, म्हणजे १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीने ५ अँपिअर २० तास द्यायला हवेत. म्हणून १० तासांनंतर विसावल्यावर ती १२.२ च्या जवळपास असावी. मध्येच लोडखाली ११.५ च्या खाली उतरली, तर चाचणी थांबवावी, कारण उत्तर मिळालेले असते.

चाकावरची_सावली:
इतका खटाटोप करण्यापेक्षा दोन्ही काढून एक लिथियम बॅटरी बसवणे सोयीचे होणार नाही का? वजन निम्म्याहून कमी होते आणि जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते.

जुना_वायरमन:
बॅटरी म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेट उत्तमच आहे, पण या गाडीत ती आजच बसवू नये. तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती अल्टरनेटरकडून मिळेल तितका करंट ओढते, आणि जुना रिले, जुनी वायर व खुद्द अल्टरनेटर हे तिघेही तापतात; करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर आधी बसवावा लागतो. बाहेरच्या विजेवर चालणारा चार्जर आणि सोलर कंट्रोलर यांचे सेटिंगही बदलावे लागते, आणि शून्य अंशाखाली तिचे चार्जिंग करता येत नाही. तो जळलेला बोल्ट लिथियमखाली राहिला असता, तर मंद दिव्यांऐवजी धूर दिसला असता.

वळणवाट यांनी चाचणीत ती बॅटरी नापास झाल्यास तिला जोडणीतून काढावे आणि मुख्य वायरी दुसरीवर घेऊन एकीवरच काही काळ भागवावे. फ्रिज गॅसवर असल्यामुळे एकीची निम्मी क्षमता, म्हणजे ५० अँपिअर-अवर, रात्रीला पुरायला हवेत. जुनीशेजारी नवी बसवू नये, जोडी घ्यायची तर एकाच वयाची, एकाच प्रकारची घ्यावी. मोकळ्या झालेल्या धन वायरीचे टोक इन्सुलेशन टेपने नव्हे, तर रबरी टोपीने झाकावे, आणि मुख्य फ्यूज काढलाच, तर परत त्याच अँपिअरचा घालावा.