शब्दचर्चा: ॲक्सेंटवाल्या अक्षरांना मराठीत काय म्हणायचं?

रेघोटी: पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधून डेटा बाहेर काढण्याच्या (एक्स्पोर्टच्या) सूचना मराठीत करतेय. 'ॲक्सेंटेड कॅरेक्टर्स (वर-खाली रेघा असलेली रोमन अक्षरं) शाबूत राहावीत' इथे मी 'आघातचिन्हयुक्त अक्षरे' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'स्वरचिन्हे' केलं. स्वरचिन्ह म्हटलं की मला काना-मात्रा-वेलांटीच आठवते. दुसरं काही सुचतंय?

डिचोलकर: 'आघात' नकोच. गोव्यातल्या म्हापशाचं पोर्तुगीज स्पेलिंग बघा. सी-खालच्या शेपटीमुळे तिथे 'स' वाचायचा. आघात दाखवते ती फक्त शेवटच्या ए-वरची तिरकी रेघ. मुरगावच्या ए-वरची नागमोडी रेघ तर नाकातला उच्चार सांगते, म्हणजे आपल्या अनुस्वाराचंच काम. 'चिन्हांकित अक्षरे' म्हणा.

शब्दसखा: चिन्हांकित म्हणजे खूण करून ठेवलेलं. 'सचिन्ह' बरं. आणि एक्स्पोर्टला 'निर्यात' का नको? निर् + यात, बाहेर गेलेलं. घरात शब्द असताना उसनवारी कशाला?

नकाशावाली: निर्यात कांद्याची होते हो. आम्ही दिवसभर 'शेपफाइल (नकाशाच्या डेटाची फाइल) काढ' म्हणतो. 'काढणे' मराठी नाही का? रेघोटी, नाव काहीही ठेव, पण सूचनेत यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणाऱ्या युनिकोडची साठवण-पद्धत) लिहायला विसरू नकोस. शेपफाइलचा मजकूर डीबीएफ नावाच्या तक्त्याच्या फाइलमध्ये जातो. सोबत एन्कोडिंग, म्हणजे ही साठवण-पद्धत, सांगणारी सीपीजी फाइल नसली तर पुढचं सॉफ्टवेअर तो लॅटिन-१ या जुन्या पद्धतीतला समजून वाचू शकतं. मग सांग्याच्या पोर्तुगीज नावात रेघवाल्या ई-च्या जागी दोन चिन्हं दिसतात: नागमोडी रेघेचा ए आणि कॉपीराइटचं वर्तुळ. शक्य असेल तिथे शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हा फाइलप्रकारच द्यावा, त्यात मजकूर युनिकोडच असतो.

शब्दसखा: कांद्याची होते म्हणून विद्याची (विदा म्हणजे डेटा) होऊ नये? 'संगणक' आज कुणाला खुपतो? शब्द वापरल्यानेच रुळतात.

नकाशावाली: आधी 'विदा'चं सामान्यरूप तरी ठरवा. 'विद्याची' वाचून मला सरस्वती आठवली.

कोकणकडा: परक्या रेघांइतकीच आपल्या र-चीही काळजी घ्या. 'दर्‍या' हा शब्द र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह आणि य असा टंकलेला असेल आणि सफाईच्या स्क्रिप्टने ते अदृश्य चिन्ह उडवलं, तर उरतो 'दर्या'. डोंगरातल्या ठिकाणाच्या नावात समुद्र! नुक्त्याचा ऱ वापरा, त्याला जोडचिन्ह लागत नाही.

डिचोलकर: तो ऱ द्राविडी भाषांतल्या नावांसाठी आहे, मराठीचा नव्हे.

कोकणकडा: त्याचं अर्धं रूप म्हणजेच आपल्या 'ऱ्य', 'ऱ्ह'मधला र, असं युनिकोडनेच धरलंय. मराठीचा नाही कसा?

डिचोलकर: युनिकोडने धरलं म्हणून बाराखडीत येत नाही. पाठ्यपुस्तकात दाखवा.