मदत हवी आहे: लॅपटॉपचं वायफाय गायब, ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, 'कोड १०' काही जात नाही

हिशेबनीस_चिपळूण:

नमस्कार मंडळी,

शनिवारी सकाळपासून लॅपटॉपचं वायफाय नाहीसं झालंय. लागत नाही असं नव्हे, नाहीसंच झालंय. उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असायचं तिथे आता पृथ्वीचा गोळा बसलाय. त्यावर क्लिक केलं तर एअरप्लेन मोड दिसतो, ब्राइटनेस दिसतो, वायफायचं बटणच नाही. घरातले तीन मोबाईल आणि टीव्ही त्याच राउटरवर मजेत चालू आहेत, तेव्हा राउटरच्या नावाने बोटं मोडता येत नाहीत.

लॅपटॉप पाच वर्षांचा, पातळ अंगाचा. केबलचं नेट जोडायला त्याला भोकच नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले म्हणून भाच्याने ११ टाकून दिलं, त्यालाही बरेच महिने झाले. तेव्हापासून तक्रार नव्हती. शुक्रवारी रात्री काम करताना लाईट गेली. बॅटरी १२ टक्के होती, मी कंटाळून नुसतं झाकण मिटवलं आणि झोपले. सकाळी पाहिलं तर पूर्ण उतरून बंद. चार्ज करून उघडला तो हा प्रकार.

आतापर्यंत केलेले उद्योग: डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आहे. आत 'धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट, कोड १०' असं लिहिलंय. अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, तोच ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) तोच त्रिकोण घेऊन परत आला. मोबाईल यूएसबीने जोडून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवला, टाकला, काही फरक नाही. मग जुना टाकून पाहिला. नेटवर्क रीसेटही केलं, त्यात घरचे आणि ऑफिसचे सगळे साठवलेले पासवर्ड मात्र गेले.

काल बाजारपेठेतल्या एका दुकानात नेला. त्यांनी दहा मिनिटं आत नेऊन परत आणला आणि म्हणाले, 'मदरबोर्डवरची आयसी गेली, ९ हजार लागतील, आठवडा जाईल.' मी म्हटलं विचार करून सांगते.

मोबाईल जोडून नेट चालतंय, मग अडचण काय, असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. या लॅपटॉपला मोठे यूएसबी दोनच. एकात डिजिटल सहीचं टोकन, दुसऱ्यात माउस. मोबाईल लावला की माउस काढायचा. अडीचशे ओळींच्या एक्सेलमध्ये टचपॅडवर बोट घासून बघा एकदा. आज १७ तारीख, २० ला लोकांचे जीएसटीचे ३बी रिटर्न भरायचेत, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये आणि वर अशिलाची बोलणी. खरंच मदरबोर्ड गेला असेल का?


बिनकामाचा_सल्लागार:

राउटर बंद करून चालू केला का?


हिशेबनीस_चिपळूण:

टीव्ही चालू आहे हो दादा त्याच्यावर. शेवटचं वाक्य तरी वाचा, पहिल्या परिच्छेदातलं.


गरम_मसाला:

सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये शोधून टाकणारी सॉफ्टवेअर मिळतात फुकट. टाकून बघा, माझं साउंड त्यानेच आलं होतं.


सोल्डर_आणि_चहा:

ताई, ते मुळीच करू नका. साउंड येतो आणि सोबत दोन ब्राउझर, एक अँटिव्हायरस आणि रोज सकाळी उगवणारी जाहिरात येते. शिवाय तुमचा प्रश्न ड्रायव्हरचा वाटतच नाही. नवा टाकला, जुना टाकला, त्रिकोण तसाच. तिसरा टाकून काय होणार?

डिव्हाइस मॅनेजरमधला आकडा लोक वाचतात आणि सोडून देतात. २८ असेल तर ड्रायव्हरच नाही. २२ असेल तर कुणीतरी हाताने बंद करून ठेवलंय. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, वायफायचं कार्डही त्याला दिसतंय, पण त्याने हाक मारली तर कार्ड ओ देत नाही. मेलेलं कार्ड बहुतेक वेळा यादीत दिसतच नाही. तुमचं दिसतंय, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

तीन गोष्टी सांगा.
ब्लूटूथ चालतंय का?
वायफायच्या नावावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. 'व्हेन'नंतरचे चार आकडे कोणते?
आणि लॅपटॉप तुम्ही 'शटडाउन' करून पुन्हा लावलात की 'रीस्टार्ट'?


हिशेबनीस_चिपळूण:

अगंबाई, ब्लूटूथ! माझा खरा माउस ब्लूटूथचाच आहे, तो शनिवारीच बंद पडला. मला वाटलं सेल संपला. सेल बदलला तरी चालेना म्हणून शेजाऱ्यांचा वायरवाला आणलाय.

व्हेन ८०८६.

दोन्ही करून पाहिलं. शटडाउन तर दहा वेळा.


सोल्डर_आणि_चहा:

माउसने अर्धं निदान करून दिलं. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, पण दोघांचे ड्रायव्हर वेगळे. एका अपडेटने दोन्ही ड्रायव्हर एकाच रात्री बिघडणं अवघड. दोन्ही एकदम गेले म्हणजे कार्डच रुसलंय.

८०८६ म्हणजे इंटेल. इतरांच्या सोयीसाठी: १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अ‍ॅथेरॉस. लॅपटॉपवर चिकटवलेल्या स्टिकरपेक्षा या चार आकड्यांवर विश्वास ठेवा. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळी कार्डं घालतात आणि साइटवर सगळ्यांचे ड्रायव्हर एकाखाली एक ठेवतात. लोक भलताच उतरवतात.

आता शटडाउनचं. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच उचलते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे दहा शटडाउनपेक्षा एक रीस्टार्ट भारी. पण तुमच्या बाबतीत रीस्टार्टनेही भागलं नाही, कारण रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज जात नाही. लॅपटॉप बंद दिसला तरी बऱ्याच मॉडेलांत कार्डाला थोडा पुरवठा चालूच असतो. त्याच्या आतला फर्मवेअर, म्हणजे कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, कुठेतरी अडकला की तो तसाच अडकून बसतो, वर ड्रायव्हर कितीही बदला. बॅटरी काठावर असताना झोपलेला लॅपटॉप पुढे मधेच विझला, तेव्हाच हे झालं असावं.

उपाय फुकट आहे. लॅपटॉप शटडाउन करा. पॉवरचं बटण दाबून धरा, मनात साठ मोजा. सोडा, पाच मिनिटं चहा घ्या, मग सुरू करा.


हिशेबनीस_चिपळूण:

केलं. साठ नाही, नव्वद मोजले. मधेच तो चालू झाला, मग बंद झाला. त्रिकोण आहे तसाच. ९ हजारांची तयारी करू का?


तिरफळ:

ताई, चार्जर काढला होता का?


हिशेबनीस_चिपळूण:

नाही. तसं कुणी सांगितलंच नाही!


सोल्डर_आणि_चहा:

चूक माझी. चार्जर काढायचा, टोकन काढायचं, माउस काढायचा, काहीही जोडलेलं नको. चार्जर लावून बटण दाबणं म्हणजे नळ चालू ठेवून टाकी रिकामी करणं.


मिंटवाला:

धागा पळवतोय, माफी. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, वायफाय येत नाही. व्हेन १४ई४. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा. आता काय करू?


तिरफळ:

मोबाईल यूएसबीने जोड, टेथरिंग (मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू कर, मिंटला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघड, तो त्या कार्डासाठी एक बंद-स्रोताचा ड्रायव्हर सुचवेल, तो टाक. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू असेल तर मधेच एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो कागदावर लिहून ठेव. रीस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात, आणि मग ड्रायव्हर असूनही कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला आत घेत नाही.


हिशेबनीस_चिपळूण:

आलं!!! वायफाय आलं, ब्लूटूथ आलं, माउस पण आला. सगळं काढून साठ मोजले आणि मधे खरंच चहा केला. सोल्डरदादा, तिरफळ, तुम्हाला दोघांना चिपळूणला आलात की मोदक.

पण एक नवीनच. आधी गच्चीवर रेंज यायची. आता राउटरच्या शेजारी बसले तरी दोनच काड्या, स्वयंपाकघरात गेले की संपलं. प्लॅन ४० एमबीपीएसचा आहे, टेस्ट केली तर ३ दाखवतंय. मोबाईलवर त्याच जागी ३८. आता तरी ड्रायव्हर टाकू का?


चॅनेल_तेरा:

राउटर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर गेला असेल. काही लॅपटॉप अमेरिकेचा नियम धरून ११ पर्यंतच ऐकतात. आपल्याकडे १३ पर्यंत चालतं, म्हणून मोबाईलला दिसतं आणि लॅपटॉपला नाही.


सोल्डर_आणि_चहा:

मुद्दा बरोबर, पण तसं असतं तर ताईंना नेटवर्क दिसलंच नसतं. इथे दिसतंय, क्षीण दिसतंय.

ताई, दुकानात दहा मिनिटं 'आत' नेला होता म्हणालात. मागचे स्क्रू मोजा बरं.


हिशेबनीस_चिपळूण:

नऊ भोकं आहेत, आठ स्क्रू.


सोल्डर_आणि_चहा:

वाटलंच. कार्डाला दोन बारीक वायरी येतात, बहुधा एक काळी एक पांढरी. त्या स्क्रीनच्या कडेने वर गेलेल्या असतात, अँटेना तिथे असतो. कार्ड काढून पाहायचं तर त्या आधी उपटाव्या लागतात. परत बसवताना एखादी राहिली की तुम्ही म्हणताय तेच होतं. कार्ड शेजारचं ऐकतं, लांबचं नाही.

हाताला सवय असलेलं कुणी आहे का घरी? झाकण काढल्यावर पहिलं काम, बॅटरीचा कनेक्टर काढणं. आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून घ्या. कार्ड दोन बोटं रुंदीचं, एका स्क्रूने धरलेलं. त्याच्या कडेला दोन चिमुकले सोनेरी गोल दिसतील, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. वायरीचं टोक बरोबर वर धरायचं आणि अंगठ्याच्या नखाने सरळ खाली दाबायचं. 'टक' असं बोटाला जाणवतं. तिरकं दाबलं तर कड चेपते आणि मग कार्डच बदलावं लागतं. कोणती वायर कुठे, ते कार्डावर छोट्या त्रिकोणांनी किंवा १-२ आकड्यांनी छापलेलं असतं.

बदलायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा. इंटेलच्या एएक्स२०१ सारख्या कार्डांचा अर्धा मेंदू मदरबोर्डवरच्या इंटेल चिपसेटमध्ये असतो, तशी सोय नसलेल्या बोर्डात ती चालत नाहीत. एएक्स२१० स्वतंत्र आहे. दोन्ही दिसायला भावंडं. दुकानात 'इंटेलचं द्या' एवढंच म्हणू नका.


गरम_मसाला:

त्यापेक्षा चारशे रुपयांचा यूएसबी डोंगल घ्या ना.


हिशेबनीस_चिपळूण:

दोनच यूएसबी आहेत हो! आणि भाच्याने पूर्वी घेतला होता तसला. ड्रायव्हर छोट्या सीडीवर आला होता, आणि लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही.


हिशेबनीस_चिपळूण:

१९ तारीख, रात्री. भाचा मोबाईल दुरुस्तीचे बारके पाने घेऊन आला. झाकण काढलं, पांढरी वायर जागेवर, काळी बॅटरीच्या कडेला मोकळी लोळत पडलेली. एवढंसं टोक की मी चष्मा लावूनही दोनदा चुकले. तिसऱ्या वेळेला ते 'टक' झालं. आता स्वयंपाकघरातून ३६ येतंय. तीन ३बी आज गेले, उरलेले उद्या सकाळी.

दुकानात जाऊन नववा स्क्रू मागितला. म्हणाले, आमच्याकडे आलाच नव्हता तुमचा लॅपटॉप.

फास्ट स्टार्टअप बंद करून ठेवलंय. चालू व्हायला आठ-दहा सेकंद जास्त लागतात, लागू देत.


मिंटवाला:

निळा पडदा आला. पासवर्ड मागतोय. कागद सापडत नाहीये.


तिरफळ:

घाबरू नकोस, त्याने काही लॉक होत नाही. सोडून दे, बूट होऊ दे, ड्रायव्हर काढून पुन्हा टाक, नवा पासवर्ड विचारेल. या वेळी तळहातावर लिही.