मेसेज क्यू शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कोरी_पाटी:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं जावात वेब सर्व्हिस लिहिल्या. विचारलं की लगेच उत्तर, एवढीच सवय. नव्या प्रोजेक्टवर आयबीएम एमक्यू आहे, म्हणजे प्रोग्रॅमांमधले मेसेज रांगेत (क्यूत) ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर. कागदपत्रं उघडली तर क्यू मॅनेजर, चॅनल, लिसनर, ट्रान्समिशन क्यू... रांग तेवढी कळली, बाकी डोक्यावरून गेलं. आधी काय वाचू? आणि सरावाला रॅबिटएमक्यू किंवा काफ्का, याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, सोपं पडेल का?

आवक_जावक:
कामावर एमक्यू आहे ना, मग एमक्यूच घ्या. डेव्हलपरसाठीची आवृत्ती मोफत आहे, कंटेनरमध्ये, म्हणजे सगळं आत बांधून आलेल्या तयार पेटीत, पटकन उभी राहते. १९९३ साली एमक्यूसिरीज नावाने आलेलं हे सॉफ्टवेअर, मध्ये वेबस्फिअर एमक्यू झालं. जुन्या लेखांत ती नावं दिसली तर दचकू नका.

आधी क्यू नाही, क्यू मॅनेजर समजून घ्या. ऑफिसातला आवक-जावक विभाग डोळ्यांसमोर आणा. तो विभाग म्हणजे क्यू मॅनेजर, त्यातले खण म्हणजे क्यू. तुमचा प्रोग्रॅम समोरच्या प्रोग्रॅमशी बोलतच नाही, फक्त या विभागाशी बोलतो. समोरचा बंद असला तरी तुमचं काम अडत नाही.

पत्र दुसऱ्या क्यू मॅनेजरकडे जायचं असेल तर तुम्ही रिमोट क्यूवर टाकता. 'रिमोट क्यू' हा खण नव्हेच, नुसता पत्ता! मेसेज खरा पडतो ट्रान्समिशन क्यूत, तिथून सेंडर चॅनल तो उचलून पलीकडच्या रिसीव्हर चॅनलला देतो. पलीकडे लिसनर कान देऊन बसलेला असतो, ठरलेलं पोर्ट १४१४. पलीकडे तो क्यूच नसेल किंवा भरलेला असेल, तर मेसेज डेड लेटर क्यूत जातो. अर्थात तो क्यू नेमून दिलेला असेल तरच.

तिसरी_घंटा:
+१, पण काफ्काचं नाव निघालंच आहे म्हणून. तिथे मेसेज वाचला तरी ठरावीक मुदतीपर्यंत लॉगमध्ये राहतो, पुन्हा वाचता येतो. एमक्यूत गेट केलं, म्हणजे क्यूमधून काढून घेतला, की गेला (न काढता नुसतं बघणं, म्हणजे ब्राउझ, वेगळं). दोन्ही एकदम शिकाल तर याच जागी गोंधळ होईल.

मध्यरात्रीचा_कॉल:
वरचं सगळं बरोबर, पण नवखे अडकतात ते दुसरीकडेच: मेसेज कधी सुरक्षित आणि कधी नाही. दोन गोष्टी आहेत.

एक, पर्सिस्टन्स. पर्सिस्टंट मेसेज डिस्कवरच्या लॉगमध्ये लिहिला जातो, क्यू मॅनेजर कोसळून उठला तरी सापडतो. नॉन-पर्सिस्टंटचा भरवसा नाही. गंमत अशी की क्यू बनवताना काही सांगितलं नाही तर तो नॉन-पर्सिस्टंट धरतो, आणि जेएमएसमधून (जावाची मेसेज पाठवायची ठरलेली पद्धत) पाठवलं तर डीफॉल्ट पर्सिस्टंट. दोन टीम यावरून तासभर भांडलेल्या मी पाहिल्यात. दोघींचं खरं होतं.

दुसरी, सिंकपॉइंट. त्याखाली गेट केलं की कमिट होईपर्यंत, म्हणजे 'काम पुरं झालं' असं तुम्ही पक्कं करेपर्यंत, मेसेज पुरता तुमचा नाही. प्रोग्रॅम मध्येच पडला की मेसेज क्यूवर परत. छान वाटतं ना? मग ऐका. एकदा एका मेसेजमध्ये तारीख वाकडी आली. प्रोग्रॅम वाचतो, फसतो, रोलबॅक, म्हणजे मेसेज क्यूवर परत. पुन्हा तोच मेसेज हातात. रात्रभर हेच, आणि मागची रांग फुगत फुगत ५००० वर. एका क्यूत इतकेच मेसेज मावतात, ही डीफॉल्ट मर्यादा. त्यापुढे टाकणाऱ्यांना २०५३ हा एरर कोड मिळायला लागला, म्हणजे क्यू भरला. सगळे सर्व्हरवर संशय घेत बसले होते.

उपाय: बॅकआउट थ्रेशोल्ड आणि बॅकआउट क्यू दोन्ही ठरवा. इतक्या वेळा परत आला तर मेसेज बाजूला काढा. हे क्यू मॅनेजर आपणहून करत नाही हं. जेएमएसची लायब्ररी करते. थेट एमक्यूआय (एमक्यूचा स्वतःचा प्रोग्रॅमिंग इंटरफेस) वापरत असाल तर बॅकआउट काउंट, म्हणजे मेसेज किती वेळा परत आला तो आकडा, तुम्हीच तपासायचा.

कोरी_पाटी:
आवक-जावकने डोकं उघडलं, आभार! कंटेनर उभा केला, पण माझ्या प्रोग्रॅमला २०३५ हा एरर कोड येतोय. नेटवर्क तर ठीक आहे.

आवक_जावक:
नेटवर्क ठीक आहे म्हणूनच २०३५ येतोय :) दार सापडलं, आत सोडत नाहीत, परवानगीचा प्रश्न आहे. ॲडमिन युजरने जोडू नका, दूरवरून येणाऱ्या ॲडमिनला चॅनलचे डीफॉल्ट नियमच अडवतात. ॲप युजर वापरा, पासवर्ड तपासा. तरीही अडलं तर क्यू मॅनेजरच्या एरर लॉगमध्ये बघा. प्रोग्रॅमला कारण मुद्दाम सांगत नाहीत, तिथे सविस्तर लिहिलेलं असतं.

कोरी_पाटी:
पासवर्डच चुकला होता. पहिला मेसेज टाकला आणि काढला! आता मुद्दाम वाकडी तारीख पाठवून बघतो.