प्रतिसाद: जुनं पळसदेव बघायला कधी जावं?

वडिलांना उजनी धरणात बुडालेलं जुनं पळसदेव गाव दाखवायचंय आणि दिवाळीत जाऊ का, असं वर विचारलंय. दिवाळीत नका जाऊ. तेव्हा धरण भरलेलं असतं, फार तर पळसनाथाच्या देवळाचं शिखर दिसेल, तेही होडीतून. एप्रिल-मेमध्ये रोजचा पाणीसाठा बघत राहा. उजनीचा मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पाणी त्याखाली गेलं की आकडा 'मायनस'मध्ये येतो. नुसतं मायनस पुरत नाही, बरंच खोल जावं लागतं, तेव्हा कुठे देऊळ मोकळं होतं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी तेही नाही.

खरी भीती गाळाची. वरून भेगाळलेला, खडखडीत दिसतो, पण बोटभर पापुद्र्याखाली लोणी! पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढताना चप्पल आतच राहते. पाण्याच्या कडेकडेनं चालू नका. गुरांची किंवा मच्छीमारांची मळलेली वाट धरा, हातात काठी ठेवा. वेड्या बाभळीचे काटे स्लिपरमधून आरपार जातात, त्यामुळे बूटच घाला. वडिलांना सकाळी आठच्या आत न्या, तिथं सावली नाही. गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) केलेली असेल तर पिकातून जाऊ नका. चिलापी मासा मात्र भिगवणला खाऊनच या.