बेकरीतले काम की कार्यशाळा? २३ वर्षांच्या मुलासाठी सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ

नमस्कार. आमचा मुलगा आता २३ वर्षांचा आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘मध्यम बौद्धिक अक्षमता, ७५ टक्के’ अशी नोंद आहे. अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली आणि तेव्हापासून तो आमच्या मिरजेतल्याच एका कार्यशाळेत जातो. तिथे वर्षभर कागदी पिशव्या आणि पाकिटे आणि दिवाळीच्या आधी दोन महिने उटणे व पणत्या असे काम चालते. महिन्याकाठी थोडे विद्यावेतन मिळते; ते तो घरी आणून देव्हाऱ्यात ठेवतो आणि नंतर त्याची आठवणही काढत नाही. तिथल्या बाई मायाळू आहेत, त्यांच्याबद्दल मला तक्रार करायची नाही. परंतु पाच वर्षे तो पिशवीचा तळच चिकटवतो आहे. पिशवीला बंद लावायला त्याला अजून कुणी शिकवलेले नाही, कारण तळ तो फार सुबक चिकटवतो.

माझ्या चुलत दिरांची बेकरी आहे. सकाळी ९ ते १ त्याला पाठवा, खोकी जुळवणे आणि खारी, टोस्ट, नानकटाई पाकिटांत भरणे एवढे तो करील, आणि पगारही रीतसर देऊ, असे ते दोन महिन्यांपासून म्हणत आहेत. माझा पाय मात्र निघत नाही. तिथे भट्टी आहे, तिथली तरुण मुले त्याची थट्टा करतील असे वाटते, आणि बेकरी घरापासून तीन किलोमीटरवर असल्याने बसने एकट्याने जाणे-येणे शिकावे लागेल. शिवाय माझे यजमान टपाल खात्यात होते. ते गेल्यानंतर मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि माझ्यामागे ते मुलाला मिळेल असे सांगितलेले आहे. मुलाचा पगार सुरू झाला की त्यावर पाणी सोडावे लागेल, असे एका नातेवाइकाने सांगितले, तर दुसऱ्याने, पालकत्वाचा दाखला नसेल तर बँकेत खातेसुद्धा उघडता येणार नाही, अशी भर घातली. ज्यांनी हा रस्ता चालून पाहिला आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुनीबाई

मी २२ वर्षे विशेष शिक्षिका होते, त्यातली ९ कार्यशाळेत, त्यामुळे तुमच्या मुलाच्या पिशवीची हकिकत वाचून थोडी ओशाळले. दिवाळीची मागणी डोक्यावर असली की जो जे चांगले करतो त्याच्या हाती तेच काम दिले जाते. आम्हीही तेच करत होतो. माल वेळेवर जायचा आणि मुले वर्षानुवर्षे त्याच पायरीवर राहायची.

प्रमाणपत्रावरचा ७५ हा आकडा आधी मनातून काढा. सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत ३६ ते ५४ गुण आले की ‘मध्यम’, आणि मध्यम म्हणजे ७५ टक्के, असे ते सरकारी कोष्टक आहे. चारातले एकच काम जमेल, असा त्याचा अर्थ नव्हे.

बेकरीत त्याला नेण्यापूर्वी तुम्ही स्वतः दोन दिवस तिथे बसा आणि त्याने जे करायचे ते हातांनी करून पाहा. एक खोके जुळवायला मोजून सहा-सात पायऱ्या लागतात. त्या कागदावर उतरवा. शिकवताना पहिल्या पायरीपासून सुरुवात करू नका. शेवटची वगळून सगळ्या तुम्ही करा आणि झाकण खाचेत बसवण्याची शेवटची तेवढी त्याला करू द्या, म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्या हातून पुरे खोके बाहेर पडते. ती पक्की झाली की शेवटच्या दोन, मग तीन. मदतही अशीच उतरवत न्यायची असते: आधी हातावर हात, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण, मग केवळ नजर, आणि मग तुम्ही तिथून उठून जायचे. मदत द्यायला सगळे तयार असतात, ती काढून घेताना मात्र घोडे पेंड खाते. आईच्या बाबतीत तर फारच.

मोजता येत नाही म्हणून काम अडत नाही. बारा नानकटायांच्या पाकिटासाठी बारा खाचांची लाकडी फळी करून घ्या; फळी भरली की पाकीट भरले. खारी वजनावर जाते, तिथे काट्याशेजारी ‘५००’ लिहिलेले कार्ड लावा आणि पडद्यावरचे आकडे कार्डावरच्या आकड्यांसारखे दिसतात का, एवढेच पाहायला शिकवा. भट्टीसाठी ‘जवळ जाऊ नकोस’ ही सूचना निरुपयोगी आहे, कारण जवळ म्हणजे किती हे त्याला कळत नाही. जमिनीवर पिवळा पट्टा आखून घ्या.

आमच्या उमेदीच्या काळात आधी सगळे शिकवायचे आणि मग नोकरी शोधायची अशी रीत होती. कार्यशाळेत शिकलेले दुसऱ्या जागी आपोआप उतरत नाही, हे आम्हाला उशिरा उमगले. टेबल बदलले, आवाज बदलले की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून आता आधी जागा आणि मग त्याच जागेवर शिकवणे, पहिले काही आठवडे प्रशिक्षकाने तिथेच शेजारी उभे राहणे, ही पद्धत मी अधिक बरी मानते. तुमच्याकडे जागा चालून आली आहे. थट्टेचा बंदोबस्त दिरांच्या दटावण्याने होणार नाही. मालकाची पाठ वळली की ती दुप्पट होते. शेजारच्या टेबलावरचा एखादा समंजस कामगार हेरा आणि ‘हा अडला तर तुझ्याकडे येईल’ एवढेच त्याच्या कानावर घाला.

आणि एक विचारते, राग मानू नका. तुम्ही इतके सविस्तर लिहिलेत, पण बेकरीबद्दल त्याला स्वतःला काय वाटते हे त्यात कुठेच नाही. त्याला विचारले आहे का?

डोंबिवली_जलद

माझी मुलगी २७ वर्षांची आहे, तिला डाऊन सिंड्रोम आहे, आणि गेली तीन वर्षे ती ठाण्याच्या एका उपाहारगृहात आठवड्याचे चार दिवस काम करते. आमच्या मनातला अडसर जुहूच्या ‘कॅफे अर्पण’मध्ये गेलो तेव्हा दूर झाला. तिथे विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ माणसेच काम करतात. माझ्या पत्नीने चहा तसाच ठेवून तासभर नुसते त्यांच्याकडे पाहिले.

प्रवासाबद्दल लिहितो, कारण त्यात आमचे सर्वांत जास्त दिवस गेले. पहिले तीन आठवडे मी तिच्या शेजारी बसत असे आणि उतरायच्या आधीच्या खुणा, म्हणजे पेट्रोल पंप, हनुमानाचे देऊळ आणि निळ्या फाटकाची शाळा, तिच्याकडून म्हणवून घेत असे. नंतर मी दोन बाके मागे बसू लागलो आणि काही दिवसांनी तिला बसमध्ये बसवून मी दुचाकीवरून मागे जात असे. दहाव्या आठवड्यात तिला झोप लागली आणि ती थेट शेवटच्या थांब्यावर पोहोचली. गळ्यातल्या ओळखपत्रामागे माझा नंबर होता. वाहकाने फोन केला आणि मी धावत गेलो, तर ती बाकावर बसून डबा खात होती. रडत मीच होतो. त्या दिवशी घरच्यांनी प्रवास बंद करण्याचा ठराव केला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली आणि ठराव बारगळला. त्यानंतर आम्ही एकच गोष्ट वाढवली: चुकलो तर काय करायचे याचा सराव मुद्दाम चुकवून केला. ही रंगीत तालीम आम्ही आधीच करायला हवी होती.

देव्हाऱ्यातल्या पैशांबद्दलही लिहितो. पगार हातात आल्यावर त्यातला काही भाग त्याच दिवशी त्याला स्वतःच्या मनाने खर्च करू द्या, आणि तो चुकीचा झाला तरी मध्ये पडू नका. आमच्या लेकीने पहिल्या पगारातून एकाच रंगाच्या नेलपॉलिशच्या चार बाटल्या आणल्या. दुसऱ्या महिन्यात तिने दुकानात विचारले, “दुसरा रंग आहे का?” काम आणि पैसा यांचा संबंध तिला तिथे कळला, मी दोन वर्षे खोट्या नोटा घेऊन समजावत होतो त्यातून कळला नव्हता.

निवृत्त_लेखाधिकारी

नातेवाइकांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत. टपाल खाते केंद्राचे असल्याने केंद्रीय निवृत्तिवेतनाचे नियम लागू होतात. दिव्यांग अपत्याला आजीवन कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यासाठी त्याचे अन्य उत्पन्न एका मर्यादेखाली असावे लागते, आणि फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने ती मर्यादा वाढवलेली आहे. कर्मचाऱ्याच्या शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, अधिक त्यावरील महागाई दिलासा, म्हणजे निवृत्तिवेतनावरचा महागाई भत्ता, यापेक्षा अपत्याचे अन्य उत्पन्न कमी हवे. समजा, शेवटचे मूळ वेतन ४०,००० रुपये होते, तर मर्यादा दरमहा १२,००० रुपये आणि त्यावर महागाई दिलासा इतकी होते. चार तासांच्या कामाचा पगार बहुधा याच्या आतच राहील. तरीही पगार रोखीने आणि हिशेबाबाहेर घेण्याचा मोह टाळा. तो खात्यात जमा होऊ द्या आणि दिरांकडून साधे पत्र घेऊन ठेवा, म्हणजे पुढे उत्पन्न दाखवायची वेळ आली तर कागद हाताशी असेल. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, हे इतर वाचकांनी ध्यानात घ्यावे.

याहून निकडीचे काम म्हणजे तुमच्या हयातीतच मुलाचे नाव निवृत्तिवेतन अदायगी आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, नोंदवून घेणे. आई-वडील दोघेही गेल्यावर भावंडांनी हे कागद जमवणे किती जिकिरीचे असते, ते मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे.

पालकत्वाचे म्हणाल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच स्थितींना तो कायदा लागू आहे. पालकाला नियुक्तीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली आहे. त्यात पालक आणि ती व्यक्ती मिळून, विशिष्ट निर्णयापुरता आणि विशिष्ट काळापुरता निर्णय घेतात. तुमचा मुलगा व्यवहार समजून सही करू शकत असेल तर आधी त्याच्या स्वतःच्या नावाने खाते उघडण्याचा प्रयत्न करा. सही जमत नसेल किंवा मालमत्तेचा प्रश्न असेल तर पालकत्वाचा दाखला घ्या. तो बँकांना चालतो. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना याच चार स्थितींसाठी आहे. ती अजून काढली नसेल तर त्याच फेरीत उरकून घ्या.

धाकटी_बहीण

सगळ्यांचा सूर बेकरीच्या बाजूने आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझा भाऊ ३८ वर्षांचा आहे. एका गोदामात त्याने सहा वर्षे काम केले, पुढे गोदामाचे मालक बदलले आणि एका शनिवारी त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगण्यात आले. तोपर्यंत त्याची कार्यशाळेतली जागा आम्ही सोडून दिलेली होती आणि तिथे प्रतीक्षायादी होती. चौदा महिने तो घरात बसून होता. त्या काळात स्वतः दाढी करणेसुद्धा त्याने सोडले. नोकरीइतकीच त्याची कार्यशाळेतली मित्रमंडळीही गेली होती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले, कारण गोदामात त्याच्याशी सगळे चांगले वागत असत, पण मित्र कुणीच नव्हते.

जुनीबाईंशी मी यापुरती असहमत आहे: सगळ्याच कार्यशाळा अडकवून ठेवणाऱ्या नसतात. नाशिकची प्रबोधिनी ही विशेष मुलांसाठीची संस्था १९७७ साली रजनीताई लिमये यांनी, स्वतः अशा मुलाच्या आई असताना, सुरू केली. मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यातल्या ‘साधना व्हिलेज’मध्ये प्रौढ मंडळी एकत्र कुटुंबासारखी राहतात आणि शेतीपासून स्वयंपाकापर्यंत जमेल ते काम करतात. आईनंतर काय, या प्रश्नाला बेकरीकडे उत्तर नाही. म्हणून बेकरीत जरूर पाठवा, पण कार्यशाळेचे दार बंद करू नका.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. जुनीबाई, राग कसला, उलट लाजच वाटली, कारण त्याला खरोखरच विचारले नव्हते. काल रात्री जेवताना विचारले. काकांच्या बेकरीत जायला तो लगेच तयार झाला. मग थोडा वेळ काही बोलला नाही आणि म्हणाला, “शुक्रवार नाही.” शुक्रवारी कार्यशाळेत पेटी घेऊन एक गृहस्थ गाणी शिकवायला येतात, ते मला माहीत होते, पण त्याच्या लेखी त्याचे इतके महत्त्व असेल असे वाटले नव्हते. दीर आणि कार्यशाळेतल्या बाई दोघांशीही आज बोलले. सोमवार ते गुरुवार बेकरी आणि शुक्रवारी कार्यशाळा असे ठरले आहे. तिथली जागा राहील, असे बाईंनी सांगितले आहे. पीपीओच्या अर्जासाठी सोमवारी मुख्य टपाल कार्यालयात जाईन.

आता एकच विचारायचे आहे. फळीसाठी दीर उद्या सुताराकडे जाणार आहेत. त्यांची नानकटाई साधारण दोन इंचांची असते, तर खाचा केवढ्या ठेवायच्या?

जुनीबाई

सव्वादोन इंच, आणि प्रत्येक खाचेच्या एका कडेला बोट जाईल एवढा उतार, म्हणजे नानकटाई उचलताना तुटणार नाही. चार-चारच्या तीन ओळी करा. पण सुताराकडे लगेच जाऊ नका, आधी पुठ्ठ्याची करून आठवडाभर त्याला वापरू द्या. तो डावखुरा असेल तर पाकीट ठेवायची जागा उलट्या बाजूला घ्यावी लागेल.