होआकिम सोरिया: रॉयल्सनी त्याला नवव्या इनिंगमध्ये डांबून ठेवलं का?

पाचवा_स्टार्टर
होआकिम सोरियाच्या नावावर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, 229 सेव्ह आहेत. सेव्ह म्हणजे नऊ इनिंगच्या सामन्याच्या शेवटी येऊन थोडक्या रनची आघाडी टिकवणं. मेक्सिकोत जन्मलेला दुसरा कुठलाही पिचर (चेंडू टाकणारा) त्याच्या जवळपासही नाही. रोबेर्तो ओसुना 155 वर थांबला. तरीही माझं ठाम मत आहे की कॅन्सस सिटी रॉयल्सनी 2007 ते 2011 ही त्याची ऐन उमेदीची वर्षं वाया घालवली. 2009 च्या मोसमाआधीच त्याला स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करून बऱ्याच इनिंग टाकणारा पिचर, करायला हवं होतं.

रॉयल्सनी त्याला डिसेंबर 2006 च्या रूल 5 ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या क्लबने राखून न ठेवलेले खेळाडू निवडतात ते) सॅन दिएगो पाद्रेसकडून 50 हजार डॉलरला उचललं. त्यानंतर दोनच दिवसांनी, 9 डिसेंबरला, त्याने मेक्सिकन पॅसिफिक लीगमध्ये ओब्रेगोनच्या याकीस संघाकडून परफेक्ट गेम टाकला. 27 बॅटर आले, 27 आउट झाले, एकही बेसवर पोचला नाही. एका इनिंगपुरत्या पिचरचं हे काम नव्हे.

क्लोजरला, म्हणजे फक्त शेवटची इनिंग टाकणाऱ्याला, दोन पिच (चेंडूचे प्रकार) पुरतात. सोरियाकडे चार होते: ताशी 91-92 मैलांचा फास्टबॉल, स्लायडर, चेंजअप आणि 70 मैलांच्या आसपासचा कर्व्ह. हाताची फेक चारही वेळा तीच. फास्टबॉल धरून बसलेल्या बॅटरचा पुढचा पाय टेकतो, वजन पुढे जातं, आणि चेंडू अजून अर्ध्या वाटेत असतो. मग कमरेचा जोर संपून गेलेला, नुसत्या मनगटांनी बॅट फिरते. असा पिचर एकाच बॅटरसमोर सामन्यात तीनदा उभा राहू शकतो, कारण तिसऱ्या वेळीही दाखवायला काहीतरी शिल्लक असतं.

2008 मध्ये 42 सेव्ह, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) 1.60. इनिंग किती? 67 आणि एक तृतीयांश. संघाच्या एकूण इनिंगच्या पाच टक्केसुद्धा नाहीत. संघ 87 सामने हरला. 2009 मध्ये त्याच संघाच्या झॅक ग्रिंकीने 229 इनिंग टाकून साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळवला. दुसरा असा माणूस संघात होता, आणि तो बुलपेनच्या (बदली पिचरांच्या) बाकावर बसून आघाडीची वाट बघत होता.

बाकावरचा_कोच
पूर्ण असहमत. मुख्य मुद्दाच तुम्ही गाळलात: कोपर. 2003 मध्ये, लॉस एंजेलिस डॉजर्सच्या करारावर असताना, सोरियाची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटला की मनगटाकडचा किंवा मांडीमागचा टेंडन काढून, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवतात. तो सांधा दर पाचव्या दिवशी 95-100 चेंडू सोसेल याची हमी कोण देणार होतं? 2009 च्या मे महिन्यात खांद्याच्या दुखण्याने तो बाहेर बसला, तेही क्लोजर असताना.

टेक्सास रेंजर्स संघाचं उदाहरण बघा. नेफ्ताली फेलिझने 2010 मध्ये 40 सेव्ह घेतले, रुकी ऑफ द इयर (वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला. 2012 मध्ये त्याला स्टार्टर केलं. मे महिन्यात कोपर दुखावलं, ऑगस्टमध्ये टॉमी जॉन.

परफेक्ट गेम हिवाळी लीगमधला होता. उन्हाळ्यात मेक्सिको सिटीच्या दियाब्लोस रोहोसकडे सोरिया रिलीफलाच, म्हणजे बदली पिचर म्हणूनच, यायचा.

पाचवा_स्टार्टर
फेलिझ सांगितलात, मग त्याच टेक्सासचा सी. जे. विल्सनही सांगा. 2009 पर्यंत बुलपेनमध्ये, 2010 मध्ये स्टार्टर: 204 इनिंग, 15 विजय, ईआरए 3.35, आणि संघ वर्ल्ड सिरीजमध्ये (लीगच्या अंतिम मालिकेत). त्याचीही टॉमी जॉन आधी झालेली होती. आणि सोरियाचं कोपर जपून तरी काय मिळालं? एप्रिल 2012 मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झालीच.

2007 पुरतं मान्य करतो. रूल 5 च्या खेळाडूला तेव्हा वर्षभर 25 जणांच्या मुख्य संघात ठेवावं लागे, नाहीतर अर्ध्या किमतीत जुन्या संघाला परत देऊ करावं लागे. पहिल्या वर्षी बुलपेन ठीकच. पुढे का?

आठवी_इनिंग
दोघांनाही स्टार्टर किंवा क्लोजर एवढंच दिसतंय. खरी चूक सेव्हच्या नियमामागे धावण्यात होती. नवव्या इनिंगला तीन रनची आघाडी असली तर साधारण 97 टक्के सामने जिंकले जातात, पिचर कुणीही असो. एका रनची आघाडी असेल तर हा आकडा 85 च्या आसपास येतो. म्हणजे सोरियाची खरी गरज एका रनच्या आघाडीला, किंवा आठव्या इनिंगमध्ये बरोबरी असताना दोन माणसं बेसवर असतील तेव्हा. आठव्यातल्या बरोबरीत तो येत नसे, कारण त्यात सेव्ह नसतो. बुमराहला फक्त विसाव्या ओव्हरसाठी राखून ठेवावं आणि सामना सोळाव्यातच हातचा जावा, तसं हे.

आठवड्यात दोनदा, दीड-दोन इनिंग. कोपर वाचलं असतं आणि इनिंग 90 पर्यंत गेल्या असत्या.

बाकावरचा_कोच
कागदावर छान आहे. रिलीव्हरचा थकवा स्कोअरकार्डात दिसत नाही, ही अडचण आहे. फोन वाजला की तो उठतो, 20-25 पिच टाकतो. मॅनेजर म्हणतो बस. पंधरा मिनिटांनी पुन्हा ऊठ, पुन्हा तेवढेच. मग मैदानात येऊन वॉर्मअपचे आठ, आणि त्यानंतर खरे पंधरा. नोंद 15 ची, हाताने टाकले साठ-सत्तर. हात थंड होऊन पुन्हा तापवणं सगळ्यात वाईट. नववी इनिंग ठरलेली असली की तो एकदाच उठतो. आधीच एकदा शिवलेल्या कोपराला तर हीच शिस्त हवी.

मोसंबीवाला_नगर
मला विचाराल तर वापरापेक्षा विक्रीची चूक मोठी. 2010 मध्ये 43 सेव्ह, ईआरए 1.78, ऑल-स्टार. करार स्वस्त, वर ऑप्शनची (क्लबला हवं तर करार वाढवायची) वर्षं क्लबच्या हातात. संघ 95 सामने हरलेला. अशा संघाला क्लोजर हवाय कशाला? पुढच्याच वर्षी ईआरए 4.03, मधे काही दिवस क्लोजरची जागा ॲरन क्रोकडे, मग शस्त्रक्रिया, आणि रॉयल्सनी ऑप्शन सोडून दिला. हाती शून्य.

टेक्सासने त्याला दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर घेतलं, आणि जुलै 2014 मध्ये डेट्रॉइटला देऊन कोरी नेबेल आणि जेक थॉम्पसन मिळवले. नेबेलने पुढे 2017 मध्ये मिलवॉकीकडून 39 सेव्ह घेतले. तिशीतल्या, दोनदा कोपर उघडलेल्या सोरियाला हा भाव, तर 2010 मध्ये किती आला असता?

डिसेंबर 2010 मध्ये ग्रिंकीला मिलवॉकीला दिलं तेव्हा लोरेन्झो केन आणि आल्सिदेस एस्कोबार आले. 2015 ला वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघाचा कणा. त्याच व्यवहारातला जेक ओडोरिझी पुढे टॅम्पाला गेला, आणि त्या सौद्यात वेड डेव्हिस आला, ज्याने त्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट घेतला.

बाकावरचा_कोच
2010 मध्ये घेणाऱ्या प्रत्येक क्लबच्या डॉक्टरने 2003 चं कोपर आणि 2009 चा खांदा बघितलाच असता. क्लोजरसाठी केन आणि एस्कोबार एकत्र कुणी देत नाही.

पाचवा_स्टार्टर
तेच तर म्हणतोय. ग्रिंकीचे चार खेळाडू मिळाले ते तो 200 इनिंगवाला होता म्हणून. 2009 आणि 2010 असे दोन मोसम सोरिया रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्या स्टार्टरांत) असता, तर त्या हिवाळ्यात रॉयल्सकडे विकायला दोन स्टार्टर असते.